परक्या बातमीतील आपले नाव : ताराबाई शिंदे आणि आपलेपणाचा इतिहास

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात तिला मूल झाले आणि लोकापवादाच्या भीतीने तिने ते मारले, असा तिच्यावर आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती बदलून जन्मठेप, काळे पाणी अशी करण्यात आली. मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांत या खटल्याची बरीच चर्चा झाली. पुण्यातील 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने जे लिहिले, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात विजयालक्ष्मी एकटी राहिली नाही. तिच्याबरोबर सगळी स्त्रीजातच तिथे उभी करण्यात आली. एका बाईच्या गुन्ह्यावरून बायकांच्या स्वभावाचा निवाडा झाला.

हा मजकूर वऱ्हाडातील बुलढाणा या गावी एका स्त्रीने वाचला. तिचे नाव ताराबाई शिंदे. तिचा जन्म १८५० चा, म्हणजे त्या वेळी ती तिशी ओलांडलेली होती. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून तिचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापून बाहेर पडला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. आज हा निबंध मराठी गद्याच्या आणि भारतीय स्त्रीविचाराच्या अभ्यासात अटळ मानला जातो. त्याच्या आशयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचारायचा आहे तो त्याच्या उगमाचा प्रश्न. सुरतेची विजयालक्ष्मी ताराबाईंची कोण लागत होती? जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोघींची कधी भेट झाल्याचा पुरावा नाही आणि तसा संभवही नाही. मग शेकडो मैलांवरच्या परक्या बाईची बातमी बुलढाण्याच्या या वाचक स्त्रीला आपल्यावर बेतलेल्या प्रसंगासारखी का वाटली? आणि तीच बातमी वाचलेल्या इतर असंख्य वाचकांना ती तशी का वाटली नाही?

या प्रश्नाकडे वळण्याआधी ते घर आणि ते गाव थोडे पाहायला हवे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, घाटमाथ्यावर वसलेले बुलढाणा हे पुढे जिल्ह्याचे ठाणे झाले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाचे सभासद होते आणि सुशिक्षितांना उद्देशून त्यांनी स्वतः १८७१ मध्ये एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते. गावात मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी आपल्या एकुलत्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. तिचे लग्न लहानपणीच झाले, पण नवरा घरजावई म्हणून आला. त्यामुळे सासरी गेलेल्या मुलीचे जे होते ते तिचे झाले नाही, ती आपल्याच घरात राहिली. घाटाखाली मलकापूर, शेगावावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्येच नागपूरला पोचला होता. म्हणजे पुण्याचे वर्तमानपत्र, ते वाचता येणारी बाई आणि ते तिच्या हाती पडू देणारे घर, या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची सोय त्या काळच्या बुलढाण्यात या एका घरात तरी झाली होती.

एवढ्याने वाचन शक्य होते. पण वाचलेले लागणे ही वेगळी गोष्ट आहे. मराठीत आपण 'मनाला लागले' असे म्हणतो, आणि 'ती माझी कोण लागते' असेही विचारतो. नात्याला आणि जखमेला मराठीने एकच क्रियापद ठेवले आहे. भाषेने जे सहज जोडले, त्याची उकल करण्याचा प्रयत्न गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान करीत आले आहे. त्यातील काही गोष्टी येथे उपयोगी पडतील.

१९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकाने एक साधा प्रयोग केला. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर ऐकवायचे आणि एकाकडेच लक्ष देऊन तो मोठ्याने म्हणत राहायला सांगायचे. दुसऱ्या कानात काय चालले होते, हे लोकांना जवळजवळ काहीच सांगता आले नाही. तो आवाज पुरुषाचा की स्त्रीचा एवढे कळे, पण शब्द हरवून जात. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी यात एक भर घातली. दुर्लक्षित कानात त्यांनी ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव उच्चारले. बाकी सारे शब्द वाहून गेले, पण नाव काहींना ऐकू आले. लग्नाच्या मांडवात वाजंत्री, पंगत, गलका चाललेला असताना कोणी दूरवर आपले नाव घेतले की मान वळते, तसेच हे. बाहेरून येणाऱ्या माहितीच्या लोंढ्यातून मेंदू जे उचलून आत घेतो, त्यात 'मी'शी जोडलेल्या गोष्टींचा मान पहिला.

या प्रयोगाची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. आपले नाव ऐकू आले ते सुमारे एकतृतीयांश लोकांनाच. १९९५ मध्ये तो प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केला गेला तेव्हाही प्रमाण साधारण तेवढेच निघाले. २००१ मधील एका अभ्यासात असेही दिसले की दिलेल्या कामावर लक्ष धरून ठेवण्याची क्षमता ज्यांची अधिक, त्यांनाच आपले नाव कमी वेळा ऐकू आले. नेमून दिलेल्या कामात जो पुरता गढला आहे, त्याच्या कानावर त्याचेच नाव पडून विरून जाते.

हे प्रयोग विसाव्या शतकातील विद्यापीठांत झालेले आहेत. त्यांवरून १८८१ मधील एका वऱ्हाडी स्त्रीच्या मनात काय घडले हे सिद्ध करता येणार नाही, तसा दावाही येथे नाही. पण इतिहासाला नीट प्रश्न विचारण्यासाठी ते एक साधन देतात. 'पुणेवैभव'च्या त्या मजकुरात नाव कोणाचे घेतले होते? संपादकाच्या मते विजयालक्ष्मीचे. ताराबाईंच्या कानावर जे नाव पडले ते 'स्त्री' हे होते. एका व्यक्तीचा दोष जातिवाचक नामावर लादला की त्या नामाने ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारली जाते. हाक मारणाऱ्याला याचे भान नसते. आपण एका खटल्यावर लिहितो आहोत असे त्याला वाटते. हाक ऐकणारीलाही बहुधा भान नसते, कारण ती नेमून दिलेल्या कामात, म्हणजे पातिव्रत्य, कुळाचार आणि घरकाम यांत गढलेली असते. त्या वर्षी ती हाक हजारो घरांत पोचली असेल. ती आपल्याला आहे हे ओळखून उत्तर देणारी स्त्री बुलढाण्यात निघाली.

तिने उत्तर दिले तेही हाकेतला शब्द धरूनच. निबंधाच्या लांबलचक शीर्षकातच प्रश्न आहे तो स्त्री आणि पुरुष यांत अधिक साहसी कोण, असा. आज 'साहस' म्हटले की आपल्याला गिर्यारोहण आठवते. जुन्या धर्मशास्त्रात साहस हे व्यवहाराचे, म्हणजे न्यायदानाचे, एक प्रकरण आहे. बळजोरीने, बेगुमानपणे केलेले दुष्कृत्य असा त्याचा अर्थ. संस्कृत सुभाषितांत स्त्रीच्या अंगभूत दोषांच्या ज्या याद्या आहेत, त्यांत हे साहस ठळकपणे येते. ताराबाईंना संस्कृत येत होते. ज्या शब्दाने आपल्याला बोलावले जाते त्याची वंशावळ त्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी नुसती तक्रार केली नाही. त्यांनी यादी हाती घेतली, एकेक दोष वाचला आणि प्रत्येक दोषाशी थांबून पुरुषांना थेट 'तुम्ही' म्हणून विचारले की हा गुण अधिक कोणाच्या अंगी आहे.

या पद्धतीचे मानसशास्त्रीय मर्म पुढे एका प्रयोगामुळे लक्षात येते. १९७७ मध्ये रॉजर्स, कायपर आणि कर्कर या संशोधकांनी लोकांना विशेषणांची एक यादी दिली. काही विशेषणांबद्दल विचारले, हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे का. काहींबद्दल विचारले, त्याचा अर्थ अमुक शब्दासारखा आहे का. आणि काहींबद्दल विचारले, हे विशेषण तुम्हाला लागू पडते का. नंतर अचानक आठवायला सांगितले तेव्हा शेवटच्या प्रश्नाचे शब्द सर्वांत अधिक आठवले. जे स्वतःला लावून पाहिले जाते, ते मनात खोल रुजते. ताराबाईंच्या निबंधाचा सांगाडा जवळजवळ हाच आहे. विशेषणांची एक पिढीजात यादी, आणि वाचणाऱ्या पुरुषाला पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न : हे तुम्हाला लागू पडते का?

'तुलना' हा शब्द त्यामुळे सैल नाही. विधवेचे केशवपन होते, दागिने उतरतात, मंगलकार्यात तिने तोंड दाखवायचे नसते. मग बायको मेली म्हणजे पुरुषाने तसेच का करू नये, तो तर लगेच दुसरे लग्न करायला मोकळा, हा त्यांचा युक्तिवाद आहे. इंग्रजी कपडे, बूट, नव्या चालीरीती यांत पुरुषांनी हवा तो धर्म सोडावा आणि घरातल्या बाईने मात्र जुना धर्म राखावा, या दुटप्पीपणावरही त्यांनी बोट ठेवले आहे. देवांना आणि पुराणांतील कथांनाही त्यांनी याच कसोटीला लावले आहे. प्रत्येक ठिकाणी कृती एकच : जी गोष्ट वाचणाऱ्याला परक्याची म्हणून दिसते, तिच्या जागी त्याला स्वतःला उभे करणे. करुणेची याचना येथे नाही. वाचकाच्या मनाला स्वतःबद्दलच्या माहितीला जी पहिली पंगत देण्याची सवय असते, त्या सवयीलाच कामाला लावले आहे.

पण 'मी' म्हणजे कोण, त्याची हद्द कुठे संपते? मेंदूविज्ञानातील अलीकडच्या कामाने या प्रश्नाला एक लक्षणीय वळण दिले आहे. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागाच्या मध्यावर एक प्रदेश आहे. माणूस स्वतःविषयी निर्णय करताना तो अधिक सक्रिय होतो, असे २००२ पासूनच्या प्रयोगांत दिसत आले. २००७ मध्ये बीजिंगमधील संशोधकांनी चिनी आणि पाश्चात्त्य अशा दोन गटांना स्वतःविषयी, आईविषयी आणि एका परक्या प्रसिद्ध व्यक्तीविषयी प्रश्न विचारले. चिनी गटात 'मी' आणि 'आई' या दोहोंसाठी तो प्रदेश सारखाच उजळला. पाश्चात्त्य गटात आईसाठी तसे झाले नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून दोन संस्कृतींचे निकाल लावणे घाईचे ठरेल. तरी स्वतःची हद्द कातडीपाशी संपतेच असे नाही, ती कुठे संपते हे काही अंशी संस्कार ठरवितात, ही शक्यता त्याने पुढे आणली.

२०१२ मधील दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. जिए सुई, शुन हे आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी लोकांना सांगितले की वर्तुळ म्हणजे तुम्ही, त्रिकोण म्हणजे तुमचा मित्र, चौकोन म्हणजे एक परका माणूस. आकृत्यांच्या जोड्या बदलूनही पाहिल्या. मग आकृती आणि शब्द यांची जोडी बरोबर आहे की नाही एवढेच ओळखायचे होते. ज्या आकृतीला 'तुम्ही' म्हटले होते, ती लोकांनी सर्वांत लवकर आणि सर्वांत अचूक ओळखली. वर्तुळाचा त्या माणसाशी जन्माचा काय संबंध? काहीही नाही. 'हे तुमचे' असे म्हटले आणि काही मिनिटांत मेंदूने त्याला आपल्या माणसांच्या पंगतीत बसविले.

यातून निघणारी गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनाशी धरावी अशी आहे. आपल्याला आणि आपल्यांना प्राधान्य देणे ही मेंदूची जुनी, बहुधा न सुटणारी रीत आहे. पण 'आपले' या शब्दाखाली काय लिहायचे हे मेंदूत आधीपासून कोरलेले नसते. ते घर शिकविते, जात शिकविते, पंचांग, शाळा आणि वर्तमानपत्र शिकविते. रीत निसर्गाची, यादी इतिहासाची. म्हणून आपलेपणाचा इतिहास लिहिता येतो.

आपल्या परंपरेला हे अगदीच अपरिचित नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की नवरा, बायको, मुले, धन हे सारे त्यांच्यासाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. आणि तो आत्मा म्हणजे काय हे जाणायला लावतो. हा संवाद संसार सोडून निघालेल्या नवऱ्याचा आपल्या बायकोशी आहे, हेही लक्षात ठेवावे. तुकोबांनी साधूची ओळख सांगताना दुःखितांना आपले म्हणण्याची कसोटी लावली. मराठीला तर यासाठी व्याकरणातच सोय आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. कोणाला 'आम्ही'तून 'आपण'मध्ये घ्यायचे, हा निर्णय मराठी बोलणारा दिवसातून अनेकदा करीत असतो.

१८८१ च्या मराठी समाजात हा निर्णय कसा होत होता? विजयालक्ष्मी ब्राह्मण होती. तिचा प्रश्न हा ब्राह्मणांच्या घरचा, त्यांच्या विधवांचा प्रश्न आहे, असे म्हणून बाजूला होणे कोणाही ब्राह्मणेतराला सोपे होते. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता आणि त्यावरील वादही मुख्यतः उच्चवर्णीय सुधारक आणि सनातनी यांच्यात चालला होता. ताराबाई मराठा घरातील होत्या, आणि आपण मराठ्यांच्या रीतीप्रमाणे घरात कोंडलेली एक अडाणी बाई आहोत असे त्या प्रस्तावनेत नम्रतेने म्हणतात. पण त्यांनी पाहिले ते असे की पुनर्विवाहाची बंदी ही ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही. प्रतिष्ठेच्या ओढीने ती रोगासारखी इतर जातींत, मराठ्यांच्या मोठ्या घरांतही पसरली आहे. परक्या बाईची गोष्ट आपली कशी, याचे उत्तर त्यांना नुसत्या कळवळ्यातून मिळाले नव्हते. तिच्या गळ्यातला फास ज्या दोराचा आहे, तोच दोर आपल्याही दारात वळला जातो आहे, हे त्यांनी निरीक्षणाने ताडले होते. जातीने केलेली 'आपल्यां'ची यादी त्यांनी अशी खोडली आणि स्त्री या नावाखाली नवी केली.

त्यांच्या आधी वेगळ्या वाटेने तेथे पोचलेले एक जोडपे होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यामागील प्रसंग जोतीरावांनीच पुढे १८८४ मध्ये, मलबारींच्या प्रस्तावांवर दिलेल्या अभिप्रायात सांगितला आहे : ओळखीच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेने आपले मूल मारले आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठविण्यात आले. फुल्यांच्या बाबतीत दुःख ओळखीच्या घरात घडले. त्यांनी आपले घर उघडले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेऊन आपला केला. ताराबाईंसाठी दुःख कागदावरून आले. डोळ्यांसमोरच्या माणसाला आपले म्हणणे अवघड खरेच, पण छापील ओळीतल्या माणसाला आपले म्हणण्यासाठी वाचनच लागते. म्हणून ताराबाईंचा निबंध हा मराठीतील वाचनाच्या इतिहासाचाही एक मोठा टप्पा आहे, असे मला वाटते.

त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. त्यात स्त्रियांना त्यांच्या उन्नतीचा मार्ग दाखविलेला आहे. ताराबाईंचा रोख दुसरीकडे होता. त्यांचा प्रतिवादी समोर बसलेला पुरुष वाचक होता. आणि त्या वाचकाने काय केले? निबंधाचे स्वागत उपहासाने आणि रोषाने झाले. ताराबाईंनी त्यानंतर काहीही प्रसिद्ध केले नाही. येथे 'स्वतःविषयीची माहिती मनात रुजते' या नियमाची दुसरी बाजू दिसते. २००० मध्ये सेडिकिडीझ आणि ग्रीन यांनी दाखविले की माणसाला स्वतःच्या गाभ्याच्या गुणांना धक्का देणारी माहिती उलट कमी आठवते. तीच माहिती दुसऱ्याबद्दल असेल तर असे होत नाही. म्हणजे आरसा समोर धरला की माणूस आधी पाहतो, आणि जे दिसले ते सोसवेना की विसरतो. ताराबाईंच्या पुस्तकाला समाजाने दिलेला विसर याच जातीचा होता, असे म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्यावर थांबू नये. विसरणे ही मनाची क्रिया असली तरी काय पुन्हा छापायचे, अभ्यासक्रमात कशाला जागा द्यायची आणि ग्रंथालयाच्या कपाटात काय ठेवायचे, हे सत्तेचे निर्णय असतात.

त्या विसरात एक आवाज वेगळा होता. १८८५ मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली. ताराबाईंचा उल्लेख त्यांनी 'चिरंजीविनी' असा केला. मराठीत पत्राच्या मायन्यात 'चिरंजीव' हा शब्द वडीलधारे आपल्या मुलाबाळांसाठी वापरतात. सहकाऱ्याच्या मुलीला, तेही छापील पानावर, सर्वांदेखत या शब्दाने संबोधणे म्हणजे तिच्यावरचे वार आपल्या घरावरचे वार मानणे होय. त्रिकोणाला 'तुमचा' म्हणताच मेंदूचे वागणे बदलते, हे प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखविले. नाते जोडणाऱ्या शब्दाचे हे बळ मराठी माणसाला मायन्यातून आधीच ठाऊक होते.

ताराबाईंचे निधन १९१० च्या सुमारास झाले. त्यानंतर कित्येक वर्षे हे पुस्तक जवळजवळ अज्ञातवासात होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. पुस्तक तेच होते, मजकुरात अक्षराचा बदल नव्हता. त्या मजकुरात आपले नाव ऐकू येणारा वाचकवर्ग आता तयार झाला होता. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि बुलढाण्यातील ही हाक मराठीबाहेरही पोचली. एखादे पुस्तक काळाच्या पुढे होते असे आपण सरसकट म्हणतो. त्याचा नेमका अर्थ असा की त्याला 'आपले' म्हणणारे लोक त्या वेळी पुरेसे नव्हते.

याच जिल्ह्याच्या स्मरणशक्तीकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव. १२ जानेवारीला तेथे महाराष्ट्रभरातून माणसे लोटतात. जिजाऊंचे कर्तृत्व स्वतंत्रपणे मोठे आहेच, तरी लोकांच्या मनात त्या प्रथम 'आई' म्हणून वसल्या आहेत आणि आईसाठी मनात वेगळी जागा लागत नाही, ती असतेच. ताराबाईंना मूल नव्हते; त्या कोणाची आई, कोणाची गुरुमाउली म्हणून आठवल्या जाणाऱ्या नव्हत्या. त्या केवळ लेखिका होत्या. ज्या समाजात बाईचे नावही लग्नात बदलले जाते आणि नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो, तेथे नात्यावाचून उरलेले बाईचे नाव स्मरणात ठेवणे अवघड जाते.

आता या साऱ्यातील एक अडचण सांगायला हवी. ती टाळली तर लेख फार गोड होईल. ताराबाईंनी विजयालक्ष्मीला आपले मानले, आपण ताराबाईंना आपले मानतो; या साखळीत विजयालक्ष्मी स्वतः कुठे आहे? तिचे नाव प्रत्येक अभ्यासात येते, पण निमित्त म्हणून येते. ती काय बोलली, तिचे पुढे काय झाले, हे आपल्या चर्चेचा विषय होत नाही. तिच्या मुलाला तर नावही नाही. दुसऱ्याच्या दुःखात आपले नाव ऐकू येणे हे सहानुभूतीचे दार आहे खरे, पण त्या दारातून आत गेल्यावर आपण बहुधा स्वतःकडेच पाहत बसतो. साहित्याच्या वर्गात 'ही कविता मला आपली वाटली' हे वाक्य आपण कौतुकाने ऐकतो. ते वाचनाची सुरुवात आहे. ज्यात आपले नाव कुठेच नाही असा मजकूर वाचताना विद्यार्थी काय करतो, तेथे वाचनाचा खरा कस लागतो.

ताराबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी ही अडचण त्यांच्या परीने ओळखली होती. विजयालक्ष्मी निर्दोष आहे असे सिद्ध करण्यात त्यांनी निबंध खर्ची घातला नाही, तिच्या दुःखाचे रसभरित चित्रही काढले नाही. त्यांनी विचारले ते असे की त्या गर्भाला कारण झालेला पुरुष कुठे आहे. न्यायालयात तो नव्हता, वर्तमानपत्रातही नव्हता. बातमीत ज्याचे नावच घेतले गेले नाही त्याची अनुपस्थिती ऐकू येणे, हे स्वतःचे नाव ऐकू येण्याहून कठीण आहे. त्यासाठी मेंदूची जन्मजात सवय पुरत नाही. बुलढाण्याच्या त्या घरात बापूजी शिंद्यांनी आपल्या मुलीला जे शिकविले, ते येथे उपयोगी पडले असावे.